अपोलो आणि सदतिसावा प्रश्न

मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या आणि त्यातल्या बहुतेक चारचौघांत रंगवून सांगितल्या. उमरीला एका लग्नाला गेलो आणि शेजारच्या मांडवात भलत्याच नवरदेवाला आहेर देऊन, पोटभर जेवून, वर पंगतीत वाढायला मदत करून परत आलो. नांदेडच्या गाडीऐवजी बिदरच्या गाडीत बसलो आणि उदगीर मागे पडेपर्यंत कंडक्टरशीच भांडत होतो की तुमचा रस्ता चुकलाय. लोक हसतात, मीही हसतो. एकच चूक अशी आहे की ती सांगायला घेतली की तिसऱ्या वाक्याला माझा आवाज चढतो आणि बायको म्हणते, "आधी पाणी प्या."

तर पाणी पिऊन सांगतो.

या चुकीचं बी देगलूरला पडलं. मी तिसरीत होतो आणि माणूस चंद्रावर उतरला. वडील शिक्षक, त्यामुळे गल्लीतला एकुलता एक रेडिओ आमच्या खिडकीत. खाली अंगणात ही गर्दी. मराठी, कानडी, तेलुगू अशा तिन्ही भाषांत "उतरला का, उतरला का" चालू. समोरच्या काकू कंबरेवर हात ठेवून वडिलांना म्हणाल्या, "गुरुजी, माणूस पोचला म्हणता, मग आता संकष्टीला अर्घ्य द्यायचं ते चंद्राला का त्या माणसाला?" वडिलांनी रेडिओचा आवाज वाढवला. विज्ञान विरुद्ध काकू असा सामना झाला की ते नेहमी तेच करत.

त्या वर्षी शाळेत भाषणांची स्पर्धा झाली. विषय हाच. मी पाठ केलेलं भाषण अर्ध्यात विसरलो. समोर सगळी शाळा. तोंड उघडं ठेवून उभं राहण्यापेक्षा काहीतरी बोलावं म्हणून मी ठोकून दिलं, "अपोलो हा ग्रीक लोकांचा चंद्रदेव. त्याच्या घरी जायचं म्हणून यानाला त्याचंच नाव!" टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस मिळालं, एक कंपासपेटी. त्या पेटीनं मी पुढे दहावीपर्यंत वर्तुळं काढली. ज्या गोष्टीला बक्षीस मिळालं ती खोटी असेल अशी शंका पंचवीस वर्षं मला आली नाही. आपण स्वतःच मारलेली थाप आपल्यालाच खरी वाटायला लागते, ती अशी.

आता लातूर. भूकंपानंतरचं दुसरं वर्ष. गावाबाहेर पत्र्यांची शेडं होती आणि गावात क्लासच्या पाट्या. दोन्ही रोज वाढत होती. मी एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचो आणि सामान्य ज्ञानाचे पेपर काढायचो. नांदेडला घर, लातुरात खोली, रविवारी इकडून तिकडे.

क्लासची रीत अशी होती. दर शुक्रवारी शंभर प्रश्नांची परीक्षा. शनिवारी सकाळी फळ्यावर यादी. पहिले चाळीस 'अ' तुकडीत, बाकीचे 'ब'मध्ये. 'अ'ला गणिताचे ते नावाजलेले सर, अभ्यासिका, आणि बाहेरगावच्या मुलींना क्लासच्या वसतिगृहात एक कॉट. एक्केचाळिसावा नंबर आला की शनिवारीच 'ब'मध्ये बसायचं आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत कॉट रिकामी करायची. 'ब'ला कोण शिकवायचं? मी. म्हणजे मुलं घसरली की माझ्या अंगावर येऊन पडायची.

पेपर तपासायला तर डोक्याची गरजच नव्हती. उत्तरपत्रिकेच्या मापाचा एक पुठ्ठा, त्याला बरोबर उत्तरांच्या जागी भोकं. पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकातून काळी खूण दिसली की एक गुण. या पुठ्ठ्यालाच क्लासमध्ये 'की' म्हणत. असे पुठ्ठे नांदेडच्या शाखेला जात, शिवाय जळकोट, उमरी, देगलूर इथल्या छोट्या क्लासेसनाही. भोकं पाडायचं काम माझं. दाभण घ्यायचा आणि टोचत जायचं.

त्या शुक्रवारी सदतिसावा प्रश्न मी असा काढला: माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो मोहिमेला ज्या ग्रीक देवाचे नाव दिले, तो कशाचा देव? अ) चंद्र, ब) सूर्य, क) समुद्र, ड) युद्ध. आणि दाभण घेऊन मी 'अ'च्या जागी भोक पाडलं. पुस्तक उघडलं नाही. कशाला उघडायचं? माझ्याकडे कंपासपेटी होती.

शनिवारी 'ब' तुकडीवर गेलो तर शेवटच्या बाकावर एक नवी मुलगी. नवी म्हणजे कालपर्यंत 'अ'मधली. दहावीची, औसा तालुक्यातल्या पडलेल्या गावांपैकी एका गावची, घरचे सगळे पत्र्याच्या शेडात. तिला सगळं लातूर चेहऱ्यानं ओळखत होतं, कारण क्लासच्या हँडबिलावर तिचाच फोटो होता. खाली लिहिलेलं, 'भूकंपाने घर पाडले, आम्ही भविष्य उभारले.' ती ओळ संचालकांनी स्वतः रचली होती आणि प्रत्येकाला वाचून दाखवली होती.

ती उभी राहिली. "सर, सदतिसावा प्रश्न. अपोलो सूर्याचा देव आहे ना?"

इथं मी "बघून सांगतो" म्हणायला पाहिजे होतं. दोन शब्द. पण मला वर्ग हसवायची वाईट खोड. मी म्हणालो, "सूर्याचा देव चंद्रावर कशाला जाईल गं? उन्हाळ्याच्या सुट्टीत थंड हवेला?"

वर्ग खदखदला. ती हसली नाही आणि खालीही बसली नाही.

"चंद्राची देवी त्याची बहीण आहे, सर. जुळी."

"बरं, पत्रिका नंतर जुळवू. बस."

ती बसली. मी ध्वनीचा वेग शिकवायला घेतला. पण ती जुळी बहीण माझ्या डोक्यात बसली ती उठेना. मुलं उत्तर ठोकून देतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण ठोकून देणारा जुळी बहीण आणत नाही. तास संपल्यावर मी तिला विचारलं, "कुठं वाचलंस?"

"शाळेचं कपाट पडलं होतं, सर. पुस्तकं सगळी भिजली. बाईंनी उन्हात वाळवली आणि म्हणाल्या, एकेक घेऊन जा. चांगली चांगली पोरांनी आधीच उचलली. माझ्या वाट्याला ग्रीक पुराणकथा राहिली. शेडात दुसरं पुस्तकच नव्हतं. पाठ झालीय."

रविवारी नांदेडला गेलो आणि सकाळीच वाचनालयात जाऊन जाडजूड ज्ञानकोश काढला. अपोलो. प्रकाशाचा देव, सूर्याशी जोडलेला. गाण्याचा, धनुर्विद्येचा, औषधाचा, भविष्य सांगण्याचा. चंद्राचं नाव नाही. चंद्र बहिणीकडे. जुळ्या. मोहिमेला हे नाव का दिलं तेही खाली होतं: आकाशातून रथ हाकत निघालेला तो देव तिथल्या एका बड्या अधिकाऱ्याला एवढ्या मोठ्या कामाला शोभेसा वाटला. बस्स. चित्र आवडलं, नाव ठेवलं. मला त्या अधिकाऱ्याचाही राग आला. अरे, चंद्रावर निघालात, घरात चंद्राची देवी बसलेली आहे, आणि तुम्ही बोलावणं तिच्या भावाला धाडता! मग माझ्या ध्यानात आलं की मी माझ्या चुकीचं खापर सातासमुद्रापार फोडू पाहतोय. त्या पानाची झेरॉक्स काढली आणि पहिल्या गाडीनं लातूर गाठलं.

सोमवारी सकाळी क्लास उघडायच्या आधी मी सगळ्या उत्तरपत्रिका काढून बसलो. पुठ्ठ्यावर 'अ'च्या भोकावर चिठ्ठी चिकटवली, 'ब'ला नवं भोक पाडलं. एक मिनिटाचं काम. मग पुन्हा सगळं मोजलं. ज्यांनी चंद्र लिहिला होता त्यांचा एक गुण उतरला, तिचा एक चढला. त्या वरच्या नंबरांत पाच-पाच, सात-सात पोरं एकाच गुणावर दाटीनं उभी असतात. तिचा नंबर एक्केचाळीसवरून सव्विसाव्यावर आला. मी दोनदा मोजलं. सव्वीस.

संचालक आले, टेबलावर उदबत्ती लावली, बसले. मी झेरॉक्स पुढे केली. त्यांनी ती वाचली, हे सांगितलं पाहिजे. नीट वाचली. मग घडी घालून मला परत दिली.

"बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "म्हणजे चुकलंच तुमचं."

"हाव सर. मी की दुरुस्त केलीय. नवी यादी लावू का?"

"कसली नवी यादी?"

"तिचा नंबर सव्विसावा येतोय. आज संध्याकाळी तिला कॉट सोडायची आहे."

"ओ सर, बसा जरा." त्यांनी खुर्ची दाखवली. "ही की नांदेडला गेली. जळकोटला गेली. देगलूरच्या क्लासला गेली. तिथं याद्या लागल्या. आता इथं बदलली की चार गावचे पालक माझ्या दारात. आज हा प्रश्न चुकला, काल कोणता चुकला होता? असं विचारतील का न्हाई?"

"विचारतील."

"मग? लोक आपल्याकडं कशाला येऊन राहिलेत? एवढा भूकंप झाला, पण आपली की हलत न्हाई म्हणून."

हे वाक्य ते माझ्यासमोर म्हणाले. ज्या पोरीचं घर त्या भूकंपात गेलं, तिच्या कॉटबद्दल बोलताना म्हणाले. आणि म्हटल्यावर वाक्य चांगलं जमलं म्हणून जरा हसले. मला खात्री आहे, पुढच्या हँडबिलासाठी त्यांनी ते मनात टिपून ठेवलं.

आता माझी बहादुरी ऐका. मी तिथून तरातरा उठलो, व्हरांड्यात गेलो, खडू घेतला आणि यादीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'प्रश्न ३७ चे बरोबर उत्तर ब.' क्लासचे शिपाईमामा झाडू घेऊन बघत उभे. म्हणाले, "सर, अक्षर झ्याक आलंय." तेवढ्यात मागून संचालकांचा आवाज आला. अगदी शांत. "सर, पुसता का मी पुसू?"

मी पुसलं.

डस्टर सापडेना म्हणून माझ्या रुमालानं पुसलं. तो रुमाल घरी नेल्यावर बायकोनं विचारलं, हा खडू कसला? मी म्हणालो, शिकवताना लागला.

दुपारी त्या मुलीचे वडील आले. डोक्याला रुमाल, हातात रिकामी पिशवी. कॉटवरचं अंथरूण, पत्र्याची पेटी न्यायला आले होते. मुलगी पेटी घेऊन दारात उभी. मी ऑफिसात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होतो, संचालक खुर्चीत. त्या माणसानं संचालकांना नमस्कार केला, मग माझ्याकडे वळून हात जोडले.

"मास्तर, पोरीचं चुकलं. एकडाव पदरात घ्या. पुन्यांदा चुकायची न्हाई ती."

मी गठ्ठ्याची सुतळी ओढत राहिलो. संचालक म्हणाले, "अहो दादा, नियम सगळ्यांना सारखा हाय. पुढच्या शुक्रवारी यावं, परीक्षा द्यावी, वर यावं. कोण अडवतंय?"

"रोज तिकडून येऊन व्हईल का तिचं? येष्टी धड येत न्हाई आमच्याकडं."

"ते आता तुम्ही बघा."

तेव्हा मुलगी दारातूनच बोलली. माझ्याकडे बघून. "सर, बरोबर उत्तर काय होतं?"

माझ्या खिशात झेरॉक्स होती. अंगठ्याला तिची घडी लागत होती. संचालक वर बघत नव्हते, पण कान माझ्याकडे होते.

मी म्हणालो, "कीमध्ये आहे तेच."

झालं. एवढंच वाक्य. ते म्हणायला मला कुणी मारलं नव्हतं, पिस्तूल दाखवलं नव्हतं. नोकरीही बहुधा गेली नसती. 'ब' तुकडीला शिकवायला दुसरा कोण गाढव मिळाला असता? मी म्हणालो, कारण म्हणणं सोपं होतं. तिसरीत टाळ्यांसाठी थाप मारली होती. ही थाप मी एका माणसाच्या भुवया वर जाऊ नयेत म्हणून मारली. तिनं मान हलवली, पेटी उचलली. वडिलांनी अंथरूण काखेत घेतलं. जाताना त्यांनी पुन्हा एकदा हात जोडले, मलाच.

तीन आठवडे मी स्वतःशी भांडलो आणि दर वेळी हरलो. मग एका रविवारी नांदेडला न जाता औशाकडची गाडी धरली. शेडं शोधायला वेळ लागला नाही. दुपारच्या उन्हात ती अर्ध्या मैलावरून डोळ्यांत घुसत. पत्रा इतका तापायचा की दिवसा आत कुणी बसत नसे. मुलगी शेडाच्या सावलीच्या पट्टीत पुस्तक घेऊन बसली होती. सावली सरकेल तशी सरकत होती.

वडिलांनी पोत्यावर बसवलं, चहा आणला. मी झेरॉक्स काढली. घडीवर पार झिजून गेली होती. म्हणालो, "दादा, चूक तुमच्या पोरीची नव्हती. माझी होती. तिचं उत्तर बरोबर होतं."

"मला ठाव हाय की," ते म्हणाले.

"ठाव हाय?"

"तिनं शनवारीच निरोप धाडला व्हता. आबा, माझंच बरोबर हाय म्हणून. खोटं न्हाई बोलत ती."

"मग तुम्ही माझी माफी कशाला मागितली?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी 'ब' तुकडीतला आहे. "कॉटसाठी, मास्तर. दीड वरीस झालं, तहसीलच्या सायबापुढं, पत्र्यावाल्यापुढं, पाण्याच्या टँकरवाल्यापुढं हात जोडून राहिलोय. तुमच्यापुढं जोडले तर काय झिजले?"

मी चहा घेतला. दुसरं काय घेणार? जरा वेळानं उठून मुलीपाशी गेलो आणि कागद तिच्यापुढे धरला. मनातल्या मनात मी हा प्रसंग येताना गाडीत दहा वेळा बघितला होता. तिचे डोळे भरून येतील, माझेही येतील, आणि मी हलका होऊन परत जाईन. इतका मी शहाणा.

तिनं कागद हातात घेतला नाही. म्हणाली, "मला कशाला सांगताय, सर? मला तर ठाऊकच होतं. यादीत लावा."

मी राजीनामा तोंडावर फेकला, असं इथं सांगायला मला फार आवडलं असतं. मी आणखी दोन वर्षं तिथंच पेपर काढले. फक्त पुस्तक उघडून काढले. ती मुलगी निलंग्याच्या शाळेत गेली एवढं शिपाईमामांकडून कळलं, पुढचं मला ठाऊक नाही. तिचा फोटो मात्र हँडबिलावर तसाच राहिला. दोन्ही वर्षं. 'आम्ही भविष्य उभारले.' दर जूनला लातूरच्या प्रत्येक पानटपरीवर, रिक्षाच्या काचेवर ती माझ्याकडे बघायची. एकदा मी संचालकांना म्हणालो, "तिला काढून तर टाकलं, फोटो तरी काढा." ते म्हणाले, "चेहरा चांगलाय. लोकांना ओळखीचा झालाय."

आणि पुठ्ठ्यातलं ते भोकही बुजलं नाही. नांदेडच्या शाखेतून ते एका गाईडात गेलं, त्या गाईडातून दुसऱ्यात. परवा माझी नात मोबाइलवर सराव परीक्षा देत होती. प्रश्न आला. माझाच. शब्दांची मांडणीसुद्धा माझी. तिनं 'चंद्र' दाबलं आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"चूक आहे ते," मी ओरडलो.

"आजोबा, बरोबर आलंय. बघा की, हिरवं."

"मी सांगतो चूक आहे! मीच काढलाय तो प्रश्न!"

"मग तुम्हीच चंद्र दिलंय ना," ती म्हणाली आणि पुढच्या प्रश्नावर गेली. आतून बायकोचा आवाज आला, "पाणी प्या आधी."

आता म्हणे माणसं पुन्हा चंद्राकडे धाडायची मोहीम निघाली आहे आणि या वेळी तिला त्या जुळ्या बहिणीचं नाव दिलंय. म्हणजे तिकडच्या लोकांनाही पन्नासेक वर्षं लागली, पण त्यांनी बोलावणं बरोबर घरी धाडलं. ते वाचलं त्या दिवशी मी दिवसभर चिडचिड करत होतो. घरच्यांना वाटलं, उन्हामुळे.

क्लासची ती इमारत पाडली. फळाही गेला. यादी लावायला मला दुसरी जागा नाही, म्हणून इथं लावतो. प्रश्न सदतीस: बरोबर उत्तर ब. ज्यांनी अ लिहिलं, त्या प्रत्येकाचा एक गुण कमी, तिसरीतल्या त्या वक्त्याचा धरून. तिचा क्रमांक सव्विसावा. कॉट सोडायची गरज नव्हती.